शेपूट तुटलेली क्रियापदं

तात्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली. कशानं गेली असं कुणी विचारलं की तात्या म्हणतात, "मशिनीत." मी गप्प बसतो. मला खरं सांगायचं तर इंग्रजीतला एक अर्धा 'ट्' सांगावा लागेल, आणि ऐकणारा म्हणेल, पोरगं इथंबी कविता करतंय.

आज सांगून टाकतो.

कामशेतच्या एका भातगिरणीत मी चार वर्षं आहे. दिवाळी झाली की आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्हीकडचं भात ट्रॅक्टर भरभरून येतं. जास्त करून इंद्रायणी. हे वाण आमच्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातलं, १९८७ सालचं, आंबेमोहर आणि आयआर-आठ यांच्या संकरातलं. पुण्यामुंबईची माणसं मूठभर हातात घेऊन वास घेतात आणि पोती नेतात. आमच्या वाट्याला त्याचा वास येत नाही, कोंडा येतो. नाकात, कानात, पापण्यांवर. सीझनला बारा बारा तास. भात हौदात पडतं, डब्यांचा पट्टा ते वर नेतो, वर चाळण, मग रबराच्या दोन रुळांमधून तूस सुटतं, मग पॉलिश. सगळं एकदम चालू असलं की समोरच्या माणसाचं तोंड हलताना दिसतं. शब्द पोचत नाही.

दोन वर्षांमागं मालकानं काळा दाणा निवडून उडवणारं मशीन घेतलं. ते कोइमतूरकडून आलं. बरोबर आलेला इंजिनिअर चार दिवस राहिला आणि नंतर फोनवर. त्याला हिंदी जेमतेम, मराठीचा प्रश्नच नाही. एक दिवस डब्यांचा पट्टा एका बाजूला सरकला, डबे पत्र्याला घासायला लागले. मालकानं त्यालाच फोन लावला, थोडं बोलला आणि मला हाक मारली, "ए, तू बोल. तुला येतंय ना इंग्लिश?"

येतंय. मी छाती फुगवून फोन घेतला.

तात्या झाकण काढून उभे. फोन स्पीकरवर. पलीकडं पॉलिशचं मशीन चालूच, कारण ते बंद केलं तर माल अडतो. इंजिनिअर भरभर बोलत होता. त्यात एक वाक्य आलं: "दे लॉक द पॅनल फर्स्ट." म्हणजे दुसऱ्या गिरण्यांतली माणसं आधी पॅनलला कुलूप लावतात, मग आत हात घालतात. रीत सांगत होता बिचारा. मी ऐकलं: "दे लॉक्ड द पॅनल फर्स्ट." त्यांनी कुलूप आधीच लावलंय. आमचा वायरमन पाच मिनिटांपूर्वी पॅनलकडं जाताना मी पाहिला होता. मालक मघाशी याच इंजिनिअरशी बोललेला. मी सगळं आपल्या मनानं जोडलं आणि ओरडलो, "तात्या, कुलूप लावलंय! घाला हात!"

तात्यांनी घातला. पलीकडून एका पोरानं बटण दाबलं.

पुढचं लिहीत नाही.

दवाखान्यात मालक मला म्हणाला, "अर्धवट ऐकायचं आणि धावायचं. तुम्हा लोकांना वाक्य शेवटपर्यंत ऐकायची सवयच नाही."

तुम्हा लोकांना. हे दोन शब्द मात्र मी शेवटपर्यंत ऐकले.

दोस्तहो, या 'सवयच नाही'वर मी लई दिवस विचार केला. आपल्याला शेवट ऐकायची सवय नाही? आपल्या बापजाद्यांनी दुसरं केलं काय? मराठीत माणसाची पायरी क्रियापदाच्या शेवटावर ठरते. ये, या, यावं. बस, बसा, बसावं. माझे पणजोबा साठीच्या घरात असताना पाटलाच्या ओट्याखाली उभे राहायचे आणि ओट्यावरचं पोरगं म्हणायचं, "आलास व्हय रं?" तेच पोरगं रस्त्यानं निघालं की माझ्या पणजोबांनी म्हणायचं, "निघालात जी?" नावाचंही तेच. शेवटाला 'या' जोडून नावाचा कुत्रा करून टाकायचे. आपला माणूस वाक्याचं डोकं ऐकायच्या आधी शेपूट ऐकत होता, कारण आपण कुठं उभं राहायचं ते शेपटात लिहिलेलं असायचं. आजही नोकरीसाठी कुणापुढं गेलो आणि तो "बस" म्हणाला की "बसा" म्हणाला, हे माझ्या कानाला त्याच्या चेहऱ्याच्या आधी कळतं. असला कान आहे माझा. तो इंग्रजीत का फसला?

तो पहिल्यांदा फसला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो.

आई तेव्हा लोणावळ्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यावर धुणीभांडी करायची. सुट्टीत मी मागच्या पायरीवर बसून राहायचो. शनिवारी मुंबईहून मॅडम यायच्या, फोनवर इंग्रजीत बोलायच्या आणि मी शब्द वेचायचो, चिक्कीच्या दुकानाबाहेर पोरं तुकडे वेचतात तसे. एकदा त्या आईकडं बघत फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "शी वर्क वेल." असं मी ऐकलं. संध्याकाळी लोहमार्गाच्या कडेनं घरी जाताना मी आईला म्हणालो, "आई, मॅडम म्हनल्या तू चांगलं काम करतीस." आई त्या दिवशी वाटेत भजी घेऊन आली. चार दिवसांनी तिला सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नको, दुसरी बाई ठेवलीय. मॅडम बहुतेक म्हणाल्या असाव्यात, "शी वर्क्ट वेल." काम चांगलं करायची. होती. संपलं.

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं की बाईंनी कौतुक केलं आणि मग कुणीतरी कान भरले.

तेव्हा भूतकाळाला मी वर्तमान ऐकलं. गिरणीत वर्तमानाला भूतकाळ ऐकलं. दोन्ही वेळेला मधे तोच अर्धा 'ट्'.

मी इंग्रजी शिकलो ते पुण्याच्या फुटपाथावर घेतलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून. पानं सुटलेली, पण माल पक्का. त्यात लिहिलंय की क्रियापदाला 'ईडी' लावली की झाला भूतकाळ. डोळ्याला ते पटतं. वर्कला लावा, कॉलला लावा, वॉन्टला लावा, कागदावर तीच दोन अक्षरं. पण तोंडात ती तीन वेगळी रूपं घेतात. वर्क्ट, इथं 'ट्'. कॉल्ड, इथं 'ड्'. आणि फक्त जिथं मूळ शब्दच ट किंवा ड वर संपतो तिथं पुरता आवाज, वॉन्टेड, ॲडेड. म्हणजे कागदावर दिसणारं ते 'एड' बोलताना फार थोड्या जागी खरोखर ऐकू येतं. बाकी सगळीकडं एक पातळ व्यंजन, जिभेचा नुसता टेकू. त्यात पुढचा शब्दही व्यंजनानं सुरू झाला की मधला 'ट्' दोन दगडांत चिमणी सापडावी तसा चिरडून जातो. इंग्रजी बोलणारी माणसं 'लास्ट नाइट' म्हणत नाहीत, 'लास नाइट' म्हणतात. 'नेक्स्ट डे'चं 'नेक्स डे'. लंडनचा साहेबही तेच करतो आणि कोइमतूरचा इंजिनिअरही.

हे पुस्तकात वाचून माझं समाधान होईना. मी पाळी सुटल्यावर कोंड्याच्या पोत्यांमागं बसलो आणि फोनवर माझाच आवाज भरला. आधी 'लॉक द पॅनल', मग 'लॉक्ड द पॅनल', दोन्ही जोरात आणि भरभर, दहा दहा वेळा. नंतर ऐकलं. मलाच ओळखता येईना मी कुठलं कधी म्हणालो ते. शेजारच्या पोराला ऐकवलं तर तो म्हणाला, "येकच वाक्य वीस येळा का म्हनतोस? झपाटलंय का तुला?"

मग मला घाम फुटला. कारण याचा अर्थ असा की त्या दिवशी मी काहीच चुकीचं *ऐकलं* नव्हतं. 'लॉक'च्या पुढं 'द' असताना 'ट्' आहे की नाही हे कानानं ठरतच नाही. जो इंग्रजी घेऊन जन्मलाय तोसुद्धा ते ऐकत नाही, तो आजूबाजूचं बघून भरून घेतो. बोलणं कालचं चाललंय की रोजचं, कोण बोलतंय, कशाबद्दल. शेवट बोलणारा गिळतो आणि ऐकणारा आपल्या पदरचा घालतो.

आपल्या मराठीत हे भोक नाही. 'लावतात' आणि 'लावलं', गिरणी धडधडत असली तरी यांची गल्लत होणार नाही. आपल्या शेवटात स्वर असतो, तोंड उघडावं लागतं. गेला, गेली, गेले, गेल्या, जाईन, जाशील. नकार द्यायचा तर पुरता शब्द आहे, नाही, नको. इंग्रजीत 'कॅन' आणि 'कॅन्ट'. होकार आणि नकार यांच्या मधे पुन्हा तोच 'ट्', आणि भरभर बोलताना बरीच माणसं तोही गिळतात. स्वराच्या लांबीवरून आणि ठसक्यावरून ओळखायचं. च्यायला, एवढ्या मोठ्या साम्राज्याची भाषा आणि हो-नाहीचा कारभार इतका बारीक दोऱ्यावर टांगलेला!

पण मग मी माझ्या पदरचं काय घातलं? इथं खरी गोष्ट येते, आणि ती सांगताना मला लाज वाटते.

आमच्या गिरणीत पॅनलला कुलूप नव्हतंच.

कधीच नव्हतं. चार वर्षं मी रोज त्या पॅनलसमोरून जात होतो. कडी होती, तिला तार गुंडाळलेली असायची. माझ्या डोळ्यांना ठाऊक होतं की इथं कुलूप नाही. तरी इंग्रजीत कुणीतरी कुलपाचं नाव काढलं आणि मी ते लावून टाकलं. हेच एखाद्या हमालानं मराठीत सांगितलं असतं, 'पॅनलला कुलूप लावलंय', तर मी म्हणालो असतो, "कुठलं रं कुलूप? सपान पडलं का?" इंग्रजीला मी विचारलं नाही. फोनवर विचारायला पाहिजे होतं, साहेब, लॉक म्हणालात की लॉक्ड? विचारलं नाही, कारण विचारलं तर कळलं असतं की याला इंग्रजी येत नाही. मालक बघत होता. तात्यांचं बोट मी माझ्या अब्रूवर ओवाळून टाकलं.

मालकाचा गुन्हा यानं कमी होत नाही. कुलूप त्यानं ठेवायचं असतं, मशिनी बंद करायच्या असतात. दवाखान्याचं बिल भरून तो त्यालाच भरपाई म्हणतो. ती लढाई वेगळी चालू आहे, तिची कागदपत्रं आम्ही मराठीतच ठेवलीत. आणि मालकाच्या इंग्रजीबद्दल म्हणाल तर तो स्वतः 'ही डोन्ट नो' म्हणतो. त्याचं शेपूट गळलं तर कुणाचं बोट जात नाही. त्याला लोक फाडफाड बोलतो म्हणतात.

हा 'फाडफाड' शब्द मला महत्त्वाचा वाटतो. शेवट गिळायचा अधिकार कुणाला आहे?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं ते १९६६ साली ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथरवरून. नाव आपण घेतलं, पण त्यांच्या क्रियापदांवर काय गुदरत होतं ते मला आत्ता आत्ता कळलं. अमेरिकेतली काळी पोरं बोलताना हेच 'ट्' आणि 'ड्' जरा जास्त गाळायची. गोऱ्या शाळांनी निकाल लावून टाकला की या पोरांना भूतकाळच कळत नाही, त्यांची भाषा मोडकी आहे, त्यामुळं डोकंही मोडकं. विल्यम लाबोव नावाच्या भाषातज्ज्ञानं १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जाऊन पोरांचं बोलणं टेप केलं. हार्लेम कोलंबिया विद्यापीठाला लागूनच, आणि लाबोव तिथलाच. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या वर्षांत ज्या विद्यापीठात शिकले तेच हे.

लाबोवनं एक गमतीची परीक्षा घेतली. इंग्रजीत 'वाचणे' हे क्रियापद वर्तमानात 'रीड' आणि भूतकाळात 'रेड', पण लिहितात अगदी सारखं. त्यानं पोरांना अशी वाक्यं वाचायला दिली, की पोरगं 'रीड' म्हणतं की 'रेड' यावरून त्याला काळ कळला की नाही ते कळावं. वाक्यात 'मागच्या महिन्यात' असं काही असलं की पोरं बरोबर 'रेड' म्हणायची. म्हणजे भूतकाळ डोक्यात पक्का होता. पण काळ नुसता दुसऱ्या एखाद्या क्रियापदाच्या 'ईडी'वरून ओळखायचा असला की बरीच पोरं चुकायची. त्यांच्या कानानं ती शेपटी फारशी ऐकलेलीच नव्हती, तर डोळ्यानं तिला कशी मानावी? आणि दुसरी गोष्ट. जिथं 'ट्' नुसता शब्दाचा भाग असतो तिथं ही माणसं तो जास्त गाळतात, आणि जिथं त्याच्यावर भूतकाळ टांगलेला असतो तिथं कमी. म्हणजे गाळण्यालाही हिशेब आहे. आणि तसं बघाल तर थोडंफार सगळेच इंग्रजी बोलणारे गाळतात. गोऱ्यानं गाळलं की वेग, काळ्यानं गाळलं की अडाणीपणा.

१९७७ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावात काळ्या पोरांच्या घरच्यांनी शाळाखात्याला कोर्टात खेचलं. लाबोवनं साक्ष दिली. न्यायाधीशानं सांगितलं की पोरं घरून जी भाषा घेऊन येतात ती ओळखून, ध्यानात घेऊन त्यांना वाचायला शिकवा. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

कारण माझ्या कवितेत एक ओळ होती, तिच्यात 'गेल्ता' असा शब्द होता. पुण्याच्या एका मासिकाकडं पाठवली. परत आली ती तांबड्या शाईत. 'गेल्ता' खोडून वर 'गेला होता'. 'व्हतं'चं 'होतं', 'पानी'चं 'पाणी'. खाली शेरा, 'भाषा शुद्ध करून पाठवावी.' आता बघा. 'येतो आहे'चं 'येतोय' होतं, ते सदाशिव पेठेत चालतं, छापलं जातं, नाटकात टाळ्या घेतं. 'गेला होता'चं 'गेल्ता' होतं, ते चालत नाही. दोन्हीकडं तेच झालं, दोन शब्द जवळ आले, मधलं काही गळलं, नवीन शेवट तयार झाला. एक गळणं पेठेतलं, एक वस्तीतलं, एवढाच फरक. मी ती कविता पुन्हा पाठवली नाही.

बाबासाहेबांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो १९५५ सालच्या बीबीसीच्या मुलाखतीत. गांधींविषयी बोललेत ती. पाळीवरून सुटल्यावर कामशेत स्टेशनच्या बाकावर बसून कानात वायर घातली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, शब्द कळायच्या आधीच. फोटोतला माणूस बोलत होता. मग शब्दांकडं लक्ष दिलं तर निम्मे हातातून निसटले. कुठं 'होतं' म्हणतायत, कुठं 'आहे', मला लागेना. गांधी १९४८ मध्ये गेलेले, म्हणजे त्यांच्याबद्दल भूतकाळच असणार असं धरून मी सगळीकडं भूतकाळ भरत गेलो. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं की असं आंधळ्यासारखं भरून चालणार नाही, ते माझं होईल, त्यांचं होणार नाही. मग तुकडे तुकडे केले. एक वाक्य, थांब. मागं. पुन्हा. वहीत जिथं शेवट नक्की कळला तिथं टिंब, जिथं कळला नाही तिथं फुली. पहिल्या पानावर फुल्याच फुल्या. लोणावळ्याची लोकल येऊन गेली, मी तिच्यात चढलो नाही. त्या वहीत आता फुल्या कमी आहेत. गेलेल्या नाहीत.

आणि काही फुल्या जाणारही नाहीत, असं मला गेल्या वर्षी कळलं. तात्यांच्या प्रकरणानंतर युनियनच्या एका कार्यकर्त्यानं हट्ट धरला म्हणून आम्ही सहाजण कान तपासून घ्यायला पुण्याला गेलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला लावतात आणि बारीक बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो होतो. मला वाटलं मशीन बंद पडलं. तपासणाऱ्या बाईंनी मग कागदावर रेघ दाखवली, चांगली सरळ चाललेली, आणि चार हजार हर्ट्झपाशी खड्डा. गोंगाटात काम करणाऱ्यांचा कान पहिल्यांदा तिथंच जातो म्हणाल्या. आमच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल अशी मर्यादा लिहिलेली, ती मोजायला गिरणीत कोण आलंय? मी विचारलं, ताई, त्या खड्ड्यात कुठले आवाज असतात? त्या म्हणाल्या, "स, ट, फ, थ. पातळ, उंच पट्टीचे. स्वर शाबूत राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतं."

माझं मराठी शाबूत राहणार आणि इंग्रजीची शेपटं जाणार. भूतकाळाचा 'ट्', अनेकवचनाचा 'स'. वय पंचवीस.

माझे आजोबाही असेच होते. मुंबईला गिरणीत, रिंग खात्यात. त्यांच्या आधीच्या पिढीला विणकामाच्या खात्यात घेतच नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना आपली थुंकी चालायची नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. आणि त्या गिरण्यांना वीज कुठली, तर १९१५ पासून आमच्या लोणावळ्याचं पाणी घाटाखाली खोपोलीला पाडून केलेली. पाणी आमचं, कान आमचे. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, आजोबा गावी आले ते परत गेले नाहीत. ते माणसाच्या तोंडाकडं टक लावून बघायचे. आम्हा पोरांना वाटायचं म्हातारा लई प्रेमानं बघतो. तो ऐकत होता.

मागच्या महिन्यात तात्यांना घेऊन कार्ल्याला गेलो. एकवीरेला गर्दी होती, आम्ही लेण्यात शिरलो. दारापाशी मी त्यांना सांगितलं की इथं ब्राह्मीत कोरलंय, धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं, वेणुवासाच्या मुलानं, हे दार केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा कामगार, बापाच्या नावासकट. मला ब्राह्मी येत नाही, पुस्तकातून पाठ केलेलं. पण दगडातलं ते 'केलं' काही गळलेलं नाही, त्याला गोंगाट लागत नाही. तात्या बराच वेळ वर बघत राहिले. मग आखूड बोटानं नाक खाजवत म्हणाले, "त्याची बोटं शाबूत व्हती का रं?"

सध्या आमच्या गिरणीत पॅनलला कुलूप आहे. पितळी, जाड. ते आणायला चार महिने आणि दोन मोर्चे लागले. पट्टा सरकला की मी पॅनलकडं जातो आणि ओरडतो, "तात्या, लावलंय!" अजून तरी माझ्या तोंडातला 'लावलंय' पलीकडं पुरता पोचतो. तात्या जागचे हलत नाहीत. पॉलिशच्या मशीनच्या वरून हात पुढं करतात, साडेतीन बोटं आणि अंगठा, आणि खुणेनं सांगतात, चावी आण.

मी चावी नेऊन देतो. ते ती कनवटीला खोचतात, वरून एकदा चाचपतात आणि मग झाकण काढतात.